वीस पुस्तकांचं तात्पर्य

आता हा पराक्रम मी स्वतःहून सांगतोय तो एवढ्याचसाठी, की पाष्टेच्या तोंडून ऐकलात तर त्यात मीठमसाला फार असतो!

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. छापखानेवाल्यांच्या एका मासिकात मी बाइंडिंगच्या बातम्या लिहायचो. कुठे शिलाईचं नवं मशीन आलं, कुठे लॅमिनेशनचं. स्वतः जन्मात कधी वहीला धड कव्हर घातलं नव्हतं, पण सल्ले असे द्यायचो की बाइंडर लोक रस्त्यात थांबून नमस्कार करायचे. डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं?

सुहास पाष्टे मूळचा गुहागरचा. भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात तो आणि बायको वैशाली बाइंडिंग करायचे. पुस्तकं कापायला मात्र दुसऱ्याच्या दारात जावं लागायचं. शेवटी त्याने स्वतःचं कटिंग मशीन घेतलं, आणि मुहूर्ताला पाहुणा म्हणून बोलावलं कोणाला? अस्मादिकांना!

मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू. पहिला कट मारायला कोऱ्या कागदांचा गठ्ठा.

"कोरे कागद? छे छे! पहिला घास खऱ्या कामाचा हवा," मी म्हणालो.

खरं काम म्हणजे पाटील गुरुजींची वीस पुस्तकं. गुरुजी राई गावचे, निवृत्त मास्तर, वय सत्तर, पहिलाच कवितासंग्रह. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात प्रकाशन, त्यासाठी एवढ्याच प्रती घाईने बांधलेल्या. बाकीच्या मागाहून व्हायच्या होत्या. गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून समोरच बसलेले.

पाष्टेने पुस्तकं मशीनमध्ये लावली. "साहेब, माप लावलंय हां. फक्त दोन बटनं दाबा. मी नारळ फोडून येतो."

नुसती बटनं दाबून गप्प बसलो असतो तर तो मी कसला? जमलेल्यांना मी मशीन समजावायला लागलो. "हे चाक फिरवलं की मागची पट्टी पुढे सरकते आणि माप बदलतं." कसं बदलतं ते दाखवायला चाक फिरवलं. वैशालीवहिनी फोटो काढत होत्या, म्हणून आणखी एकदा फिरवलं. मग ऐटीत बटनं दाबली.

खच्चकन आवाज, टाळ्या! पुस्तकांच्या खालचा नुसता पांढरा काठ पडायला हवा होता. पडली ती चांगली दोन बोटं रुंद पट्टी, आणि तिच्यावर अक्षरं!

पाष्टे नारळाच्या वाट्या घेऊन आला आणि जागीच थिजला. "साहेब, चाक फिरवलंत काय?"

"जरासं. समजावायला."

वहिनींनी पट्टी उचलून वाचली. "अहो, ही सगळी तात्पर्यं आहेत!"

गुरुजींची चाळीस वर्षांची सवय. प्रत्येक कवितेखाली, पानाच्या अगदी तळाला, एक तात्पर्य. खाडीच्या कवितेखाली 'पाणी जपून वापरावे'. स्वतःच्या लग्नाच्या कवितेखाली 'वेळेचे पालन करावे'! वीसच्या वीस प्रतींतून सगळी साफ.

म्हाताऱ्या माणसाचं पहिलं पुस्तक, उद्या प्रकाशन, आणि पाष्टेच्या मशीनचा श्रीगणेशा हा असा! मला खरोखर रडू येत होतं.

गुरुजींनी एक प्रत घेतली आणि खाडीची कविता मोठ्याने वाचली. संपली. एका बाईंनी डोळ्याला पदर लावला.

"गुरुजी, चूक माझी," मी पुटपुटलो.

"चूक कसली? घरची चाळीस वर्सं सांगते, कविता झाली का गप रावा. मना काय जमला न्हाय. तुमच्या मशीनला जमला!" मग पाष्टेकडे वळून म्हणाले, "उरलेली बी अशीच काप. आनि गावच्या शाळंचा अंक हाय, तो बी तुलाच."

पाष्टेचा जीव भांड्यात पडला, माझा तर वाटीत! त्या मुहूर्ताची बातमी मी पुढच्या अंकात चांगली तीन पानं लिहिली. पाष्टेचे कष्ट, गुरुजींचा मोठेपणा, आणि शेवटी बाइंडिंग व्यवसायाला माझा पानभर उपदेश. अंक घेऊन मोठ्या हौसेने गाळ्यात गेलो, तर गुरुजी तिथेच बसलेले. चष्मा लावून त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचलं.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "पन हे शेवटचा पान..."

आणि पाष्टे मुकाट्याने उठून मशीनचं चाक फिरवायला लागला.