उसनी पत्ती

आमच्या साक्रीला दातण चावून झालं की काडी उभी चिरतात आणि त्या चिरफळीनं जीभ घासून मगच ती फेकतात. हे आधी सांगतो, कारण त्या दिवशी सकाळी बेसिनवरच्या पेल्यात एक बोटभर लांबीची, चपटी, एका टोकाला कागदासारखी तासलेली चिरफळी भिजत पडलेली दिसली, तेव्हा माझ्या मनात दुसरा विचार येणं शक्यच नव्हतं. बडोद्याचं दातण जरा नाजूक कामाचं असतं, एवढंच वाटलं. दोन्ही हातांत धरून वाकवली आणि जिभेवरून ओढली. दुसऱ्या ओढीला टक् आवाज झाला.

आवाज एवढासाच, पण सुभानकाका बाहेरच्या खोलीतून चहाचा कप हातात घेऊनच आले.

"काय केलंस?"

"जीभ घासली."

त्यांनी दोन्ही तुकडे घेतले, उजेडात धरून एकमेकांना लावून पाहिले. "रीड होती ही. सॅक्सोफोनची." मग जरा वेळानं, "कशी लागली जिभेला?"

"जरा सणसणीत."

"असणारच. फ्रान्सची होती."

"फ्रान्सची असो नाहीतर फतेगंजची," स्वयंपाकघरातून कुसुमावतीकाकू म्हणाल्या, "पेल्यात ठेवू नका म्हणून घसा कोरडा केला मी. बरं झालं, घरच्याच माणसाच्या तोंडात गेली."

मी घरचा म्हणजे भाडेकरू. काकांची, म्हणजे जगतापांची, मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, तिची खोली मला मिळाली होती. काका नंदेसरीला रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत, मी तिथंच लॅबमध्ये नवा होतो. सॅक्सोफोनच्या तोंडाला रीड लावल्याशिवाय सूर निघत नाही, आणि त्यांच्याकडे तेवढी एकच होती. आणि त्याच रात्रीपासून नवरात्र सुरू होत होतं. नऊही रात्री मांजलपूरच्या आमच्या सोसायटीच्या गरब्यात काका सॅक्सोफोन वाजवणार होते. सेक्रेटरीनं तसं फळ्यावर खडूनं लिहूनही टाकलं होतं.

आता हा माणूस सॅक्सोफोनपर्यंत पोचला कसा, ते सांगायला हवं.

सुभानराव जगतापांचे आजोबा संस्थानाच्या फौजेच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. संस्थान गेलं, बँड गेला, क्लॅरिनेट कोणाकडे गेलं ते घरात कोणालाच माहीत नाही. नातवाकडे फक्त गाल फुगवायची खोड आली. तरुणपणी शॉर्टवेव्हवर अमेरिकेचं स्टेशन लावताना काकांना जॅझ सापडलं. खरखरीतून मधेच येणारं, मधेच बुडणारं. काही वर्षं त्यांची अशी समजूत होती की ती खरखर वाद्यवृंदाचाच भाग आहे. पुढं एक परदेशी इंजिनियर कारखाना उभा करून परत जाताना रेकॉर्डींचा खोका इथंच टाकून गेला, तो काकांनी घरी आणला. आणि आता, माझ्या काळात, घराघरांत कॅसेटी आल्यावर लोक रेकॉर्डी रद्दीवाल्याला घालायला लागले. काका दर आठवड्याला शुक्रवारच्या बाजारात उकिडवे बसून आरत्या, लावण्या आणि गुजराती नाटकांच्या ढिगातून आपली माणसं शोधून काढत.

आपली माणसं हा त्यांचाच शब्द. त्यांना प्रत्येकाचं नाव, गाव, कोण कोणाच्या बँडातून भांडून बाहेर पडला, सगळं तोंडपाठ. काकूंनी मात्र रेकॉर्डींच्या पाकिटांवरचे फोटो पाहून सोयीची नावं ठेवली होती. टोपीवाले, चष्मेवाले, आणि एक होते ते रुसलेले.

"आज रुसलेले लावू नका, मला मसाला भाजायचाय," असं काकू म्हणत, आणि काका मुकाट्यानं टोपीवाले लावत.

मला त्यांनी ऐकायला शिकवायचा प्रयत्न केला. सुई ठेवायची, डोळे मिटायचे आणि मधेच एक बोट वर करायचं.

"हं! ऐकलंस?"

"काय? काहीच वाजलं नाही."

"तेच. इथं तो वाजवत नाही. सगळी गंमत तिथं आहे."

"मग पैसे कशाचे घेतो?"

"साक्रीला परत जा तू," असं म्हणून ते सुई पुन्हा मागं ठेवत.

सॅक्सोफोन त्यांनी जुन्या शहरातल्या रसूलमियां मास्टरच्या लग्नाच्या बँडाकडून विकत घेतला होता. कॅसिओची विजेची पेटी आल्यापासून वरघोड्यात, म्हणजे वरातीत, सॅक्सोफोन फारसा कोणी मागेना, म्हणून मास्टरनी आपल्या दोनांतला हा खुंटीवर टांगून ठेवलेला. त्याच्या भोकांवरच्या झाकण्यांतून हवा गळत होती. काकांनी कारखान्यातल्या फाटक्या हातमोज्यांचं चामडं गोल कापून नव्या बसवल्या. दोन स्प्रिंगांच्या जागी रबरबँड लागले. वाद्य चालू झालं. वाजवायचं कुठं, हा प्रश्न त्यानंतरचा.

खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी भाईलालभाई राहत. त्यांच्या घरी त्यांच्या बायकोचे ट्यूशन क्लास. पहिल्याच दिवशी भाईलालभाई वर आले आणि हात जोडून म्हणाले, "सुभानभाई, दहावीची पोरं विचारतात, वर म्हैस बांधली आहे का?"

कमाटीबागेत पहाटे नेऊन पाहिला. तिथं वॉचमननं परवानगीचा कागद मागितला. शेवटी काकांनी घरातच तोड काढली. बेडरूमच्या कपाटात गोदड्यांची चळत होती. तिच्यात सॅक्सोफोनचं तोंड खुपसायचं, आपलं डोकंही अर्धं आत घालायचं, आणि वाजवायचं. बाहेरून फक्त पाठ दिसे आणि गोदड्या किंचित हलताना दिसत. आवाज असा यायचा, की शेजारच्या गावात कोणीतरी रडतंय आणि आपल्याला कारण माहीत नाही.

"घुसमटत नाही का?" मी एकदा विचारलं.

"मला सवय आहे रे," ते घाम पुसत म्हणाले. "त्याची घुसमट होते. सूर सोडला की तो कुठंतरी जाऊन परत यायला पाहिजे. इथं सोडला की संपला. कापूस खातो त्याला."

खिडकी उघडी ठेवून रोज अर्धा तास वाजवायचं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यापलीकडे त्यांनी आयुष्याकडे काही मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही.

त्या वर्षी ऑर्केस्ट्रावाल्यांनी भाव फार चढवले, तेव्हा भाईलालभाई पुन्हा वर आले. या वेळी हात जोडलेले नव्हते, हातात पेढे होते. सौदा ठरला. काकांनी नऊ रात्री गरब्यात वाजवायचं. त्या बदल्यात सोसायटी ठराव करील, की जगतापांना रोज अर्धा तास मोकळ्या खिडकीनं वाजवायला कोणाची हरकत नाही. काकांनी वर एक अट घातली. शेवटच्या रात्री आरतीच्या आधी पाच मिनिटं त्यांची स्वतःची. त्यात ते काय वाजवतील ते कोणी विचारायचं नाही.

"पांच शुं, छ मिनिट लो ने!" भाईलालभाई पाचाची सहा करून देत म्हणाले.

आणि ह्या सगळ्यावर मी सकाळी जीभ घासली होती.

कारखान्यातून अर्धी रजा काढून आम्ही रसूलमियांकडे गेलो. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, भिंतीवर लाल कोट आणि सोनेरी झालरी. खाली लोहाराचं दुकान, घणाचे घाव सतत चालू. मास्टर क्लॅरिनेट पुसत बसले होते.

"जगतापसाब! नौ रात गरबा? आप तो कहते थे, गरबा घानी का बैल है, गोल गोल गोल."

"बैलच झालोय, मास्टर. पण पत्ती नाही." बँडवाले रीडला पत्ती म्हणतात.

"टूट गई?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं. मास्टर इतके हसले की खालच्या लोहारानं घण थांबवून वर पाहिलं.

हसणं ओसरल्यावर त्यांनी डबी उघडली. आत एकच पत्ती होती. "पैसा नहीं लूंगा. पत्ती के बदले पत्ती. दिवाली के बाद लग्न चालू होंगे, एक आदमी अभी भी सॅक्सोफोन मांगता है, उसके लिए रखी है." मग काकांच्या हातावर ती ठेवत म्हणाले, "और जगतापसाब, पत्ती वापस देने आओ तो बाजा साथ लाना. यहीं बैठके बजाओ. नीचे लोहार है, यहां कोई किसी को चुप नहीं बोलता."

परत येताना काका माझ्या स्कूटरवर मागं बसले होते. मग माझ्या खांद्यावर बोटांनी ताल धरला.

"वर गच्ची पण आहे त्याच्याकडे," ते म्हणाले.

आठ रात्री काकांनी घाण्याला जुंपून घेतलं. तीच ओळ. गायक पोरगा गाऊन थांबला की तीच ओळ सॅक्सोफोनवर, लगेच ढोल, लगेच पुन्हा तो पोरगा. मांडवातल्या लहानशा स्टेजवर एका बाजूला ढोलकवाला, दुसरीकडे कॅसिओवाला, मागं ताडपत्री. हलायला जागा नाही. दिवसा नंदेसरी, रात्री हे. कंपनीच्या बसमध्ये ते आता डब्यावर ताल धरत नसत, खिडकीला डोकं टेकून झोपत. ओठाला आतून फोड आला होता.

"सोडून द्या ना," मी म्हटलं.

"ठराव आहे," ते म्हणाले. "आणि पाच मिनिटं."

नवव्या रात्री अंगण गच्च भरलं होतं. काकूही रिंगणात होत्या, हिरवं लुगडं नेसून, तीन टाळीच्या गरब्यात. भाईलालभाईंनी खालून पंजा दाखवला. पाच मिनिटं.

काकांनी डोळे मिटले. ढोल चालूच राहिला, रिंगण फिरतच राहिलं, आणि त्यावर त्यांनी एक ओळ वाजवली, जी त्या नऊ रात्रींत कोणी ऐकलेली नव्हती. हळू, जरा मागं रेंगाळणारी. मोकळ्या हवेत तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. समोरच्या इमारतीवर जाऊन तो परत आला. मग काका थांबले. थांबायचंच होतं त्यांना.

गायक पोराला वाटलं, काकांचा दम संपला. त्यानं बिचाऱ्यानं तत्परतेनं "होऽऽ" करून ती जागा भरून काढली.

काकांनी डोळे उघडले नाहीत. दुसरी ओळ घेतली, पहिलीपेक्षा उंच, आणि थांबले. ह्या वेळी कॅसिओवाला धावून आला. त्याच्या पेटीत वादळाचा आवाज होता, तो त्यानं दिला.

तिसरी ओळ फार लांब नव्हती. ती संपली, तेव्हा क्षणभर खरंच कोणी काही केलं नाही. ढोलकवाल्याचाही हात सैल पडला. मी मनातल्या मनात बोट वर केलं. आणि माईकवर भाईलालभाई आले, "निळी बजाज जेनी होय, ते गेटमांथी हटावी ले! दूधवाळानी गाडी अटकी छे!"

चौथ्यांदा काका थांबले नाहीत. त्यांनी स्वतःच गरब्याची जुनी ओळ उचलली, पोरानं आनंदानं ती धरली आणि घाणा फिरू लागला. पाच मिनिटांतली तीन उरली होती. ती कोणीच परत मागितली नाहीत. टाळ्या भरपूर पडल्या. भाईलालभाईंनी तिथंच जाहीर केलं, "आवता वर्षे पण सुभानभाईज!"

घरी आल्यावर काका सॅक्सोफोन पुसत बसले. काकूंनी मीठ घातलेलं कोमट पाणी ओठासाठी आणून ठेवलं.

"तिसऱ्यांदा थांबलात, ते चांगलं होतं," त्या म्हणाल्या.

"स्कूटरच्या वेळी?"

"स्कूटरच्या आधी."

काकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. काकू तोवर स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

ठराव झाला. भाईलालभाई शब्दाचे पक्के. सहा ते साडेसहा, कारण सहाला ट्यूशनची एक बॅच सुटते आणि साडेसहाला दुसरी बसते. कंपनीची बस आम्हाला पावणेसातला सोडते. रविवारी क्लासच्या परीक्षा असतात.

"ठराव उत्तम आहे," काका म्हणाले. "माणूस तेवढा घरी नसतो." वेळ बदलायची तर पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घ्यावा लागेल.

राहता राहिलं रसूलमियांचं दुकान. तिथं जायचं तर आधी पत्ती परत द्यायला हवी. नऊ रात्रींनी ती मऊ पडून कडेला फुटली होती, तशी कशी देणार? नवी आणायची जबाबदारी अर्थातच माझी. मुंबईला जाणाऱ्या एकाला सांगितलं, त्यानं क्लॅरिनेटची आणली. दुसऱ्याला सांगितलं, त्यानं मोठ्या सॅक्सोफोनची आणली. आमच्या लहान, अल्टो सॅक्सोफोनला ती म्हणजे लहान मुलाच्या पायात बापाची चप्पल. दुकानदारानं वर त्याला सुनावलं, "आता कोण वाजवतं हे? कॅसिओ घेऊन जा." दिवाळी गेली. लग्नं चालू झाली. काका आता मला जुन्या शहरातून स्कूटर नेऊच देत नाहीत, लांबून वळसा घालायला लावतात. आणि थंडी पडल्यामुळे कपाटातल्या गोदड्या सगळ्या अंगावर आल्या आहेत. रिकाम्या कपाटात सॅक्सोफोन नुसता उभा असतो.

परवा वळसा घालूनही आम्ही एका वरघोड्यामागं अडकलो. पुढं उंटगाडी, मागं बस, आणि लाल कोटात सर्वांत पुढं रसूलमियां. काका माझ्या पाठीआड वाकले. पण मास्टरनी वळून पाहिलंच. क्लॅरिनेट तोंडातून न काढता त्यांनी भुवया उंचावल्या, आणि मानेनंच आपल्या बँडाकडे दाखवलं. तिथं त्यांचा सॅक्सोफोनवाला वाद्य काखेत धरून नुसताच चालत होता.

"वळव," काका माझ्या कानाशी म्हणाले.

"कुठं वळवू? जागा आहे का?"

"सोमवारी कोण जातंय मुंबईला?"

"आमच्या लॅबमधला एक."

"अल्टो सांग त्याला. अल्टो. चिठ्ठीवर लिहून दे."

"दिलंय लिहून."

काका माझ्या पाठीआड आणखी वाकले. बँडनं नवं गाणं धरलं, नवरदेवाचे मित्र नाचायला लागले आणि उंटगाडी जागच्या जागी थांबली.