मावशीच्या पोटाची खरी वही

माझी मावशी बंदरात क्रेन चालवते. शिडी चढून सकाळी सातला ती काचेच्या केबिनमध्ये बसते आणि खाली बारा माणसं तिच्या कामावर डोळा ठेवून उभी असतात. आजवर मालाची एकही पेटी तिने आपटलेली नाही. अशा बाईला पोटाने मात्र नऊ वर्षं छळलं. कधी कळ, कधी जुलाब, कधी टम्म फुगलेलं पोट. तपासण्या साऱ्या ठीक. "टेन्शन घेऊ नका," म्हणणाऱ्या डॉक्टरांचा मला आजही राग येतो.

शेवटी एका दवाखान्यात वेगळा उपचार सुरू झाला. प्रत्येकाच्या आतड्यातले जंतू वेगळे. म्हणून आधी शौचाचा नमुना तपासायचा, मग त्या माणसापुरता आहार आणि चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल ठरवायच्या. नमुन्याची डबी घेऊन ती निघाली तेव्हा काका म्हणाले, "अगं, दागिने असल्यासारखी काय धरतेस!"

सोबत रोजच्या खाण्याची वही होती. ती सांगायची, मी लिहायचे. "दुपारी एक: पूर्ण डबा."

तीन महिने झाले, फरक शून्य. त्यातच एकदा जुलाब लागून तिला कामातून घाईने खाली यावं लागलं आणि मुकादमाने सुनावलं, "पुन्हा असं झालं तर कायमचं गोदामात बसायचं."

त्या संध्याकाळी डबा घासायला घेतला, तर भरलेलाच. एरवी ती तो कुत्र्यांना घालून यायची. त्या दिवशी संतापात विसरली.

"मावशी, हे काय?"

"वर संडास आहे का? सात ते पाच मी पाणीसुद्धा पीत नाही."

"मग वहीत काय सांगत होतीस?"

"सगळं ठीक म्हणायची सवय लागलीय गं."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे इतके दिवस उपचार वहीतल्या बाईवर झाला, तुझ्यावर नाही!"

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता खऱ्या पोटापासून सुरू करू. दर तीन तासांनी थोडं खायचं, लागली की दाबून धरायचं नाही. बरं वाटेलच असं वचन देत नाही."

"आणि क्रेन?" मावशीने विचारलं.

"क्रेन सोडा असं मी कुठे म्हटलं?"

सोमवारी दहाला मावशीने काचेआड सगळ्यांदेखत डबा उघडून खाल्लं. साडेअकराला सगळ्यांच्या वायरलेसवर तिचा आवाज आला, "पेटी खाली टेकवली आहे. मी संडासला जातेय."

"बाई, जहाज खोळंबलंय!" मुकादम ओरडला.

"खोळंबू दे. घाई असेल तर तुम्ही वर या आणि चालवा."

ती सावकाश उतरली, बारा जणांमधून ताठ मानेने गेली आणि तशीच परत आली. मुकादम शिडीपाशी उभा होता. त्याला बाजूला सारून ती चढली.

संध्याकाळी मी वहीत लिहिलं, 'साडेअकरा: संडास.'

"पुढे लिही," ती म्हणाली, "बारा: परत क्रेनवर. आणि डॉक्टरांनी पाहिली की ही वही मुकादमाच्या टेबलावर ठेवणार आहे. अक्षर नीट काढ."