अक्कांची थेट जोडणी

अक्कांना खोटं खपत नसे. खोट्याला त्या 'लटकं' म्हणत. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या त्या. पुण्याहून मी चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या ऑफिसात नवा आलो, तेव्हा पहिल्याच दुपारी त्यांनी विचारलं, "तंबी, जेवलास की नाही? लटकं सांगू नकोस." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तमिळ हेलातली का होईना, पण मराठी ऐकून मला भरून आलं. पन्नाशीच्या, केसांत रोज मोगरा माळणाऱ्या अक्का आमचा डेटाबेस सांभाळत.

त्या वर्षी चेन्नईत पाण्याचे फार हाल होते. टँकर पाठवणाऱ्या एका खात्याचं काम आमच्याकडे होतं. लोकांच्या तक्रारी आमच्या डेटाबेसमध्ये, पण रस्त्यांचे नकाशे दुसऱ्याच कचेरीच्या सर्व्हरवर. आम्ही अधूनमधून त्यांची कॉपी आणून भरायचो. मग अंबत्तूरला एखादी नवी वस्ती झाली, की ती आमच्याकडे नसायची आणि टँकर भलत्याच गल्लीत जाऊन उभा राहायचा.

अक्कांनी कॉपी बंद केली. आमच्या डेटाबेसमध्ये क्वेरी चालवली, म्हणजे काही माहिती मागितली, की ती थेट त्या कचेरीतली नकाशाची फाईल वाचेल, अशी जोडणी त्यांनी बसवली. परका नकाशा आमच्याच डेटाबेसमधल्या तक्त्यासारखा दिसू लागला. "नकाशा त्यांच्याच घरी राहो," अक्का म्हणायच्या, "आपण दारातून पाहू."

खात्याचे साहेब काम बघायला आले, त्याच दिवशी नेमकी त्या कचेरीशी जोडणारी लाइन गेली. तक्रारी दिसल्या, नकाशा कोराच.

"जुना नकाशा तरी दिसला असता!" मॅनेजर नंतर कडाडले.

"दिसला असता, सर. आणि साहेबांना तो ताजा वाटला असता."

कॉपी पुन्हा सुरू करण्याचा हुकूम निघाला. अक्कांनी तो पाळला, पण नकाशाखाली ठळक अक्षरांत कॉपीची तारीख घातली. ती काढायला सांगितल्यावर त्यांनी राजीनामा दिला. "रागाने नाही रे जात," त्या मला म्हणाल्या. "तहानलेल्या माणसांना लटका रस्ता दाखवायला हात धजत नाही."

काही महिन्यांत चुकलेल्या टँकरांची बोंब इतकी वाढली की खात्यानेच ती थेट जोडणी परत मागितली. मॅनेजरांनी स्वतः फोन करून अक्कांना बोलावलं. त्या आल्या आणि खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तू कर. मी बसते." दुपारभर मी चुकत राहिलो, त्यांनी कीबोर्डला बोटही लावलं नाही. अखेर अंबत्तूरच्या नव्या गल्ल्या एकेक करून पडद्यावर उमटल्या. मॅनेजर म्हणाले, "परत या ना, मॅडम." अक्कांनी हसून नकारार्थी मान हलवली. त्या आपल्या मुलीकडे कोइमतूरला राहायला निघाल्या होत्या.

मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो.

"भ्यालास?" त्यांनी विचारलं.

"फार."

"बरं झालं. भ्यालेला माणूस दोनदा पाहतो."

त्यांच्या घराकडची, अड्यारची बस आली आणि त्या चढल्या. पुन्हा कधी भेट झाली नाही.

वर आलो, तर अक्कांच्या टेबलावरचा फोन वाजत होता. खात्यातलं कुणीतरी तमिळमध्ये त्यांची चौकशी करत होतं. मी खुर्ची ओढून बसलो आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हणालो, "त्या नाहीत. मला सांगा."