अव्वांनी घेतलेला फोन

देव ऐकतो की नाही हा प्रश्न मला कधी पडला नाही. ऐकत असेल तर कोणत्या भाषेत, हा मात्र लग्नापासून पडलेला आहे. आमच्या घरात देवाशी कानडीत बोलतात, भाजीवाल्याशी मराठीत, आणि टीव्हीशी हिंदीत भांडतात. माझं माहेर वैरागचं, तिथे कानडीचा गंध नाही. सोलापुरात आल्यावर पहिल्याच सोमवारी सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, मला तळ्यातल्या सिद्धेश्वराकडे नेलं आणि म्हणाल्या, माग काय मागायचं ते. मी मराठीतून मागितलं. पुढे मागितलेलं एखादं मिळालं नाही की मी मनाशी म्हणायची, कानडी शिकून घ्यायला हवी होती. शिकले काही नाही. पण गेल्या वर्षी जे घडलं त्यानंतर या प्रश्नाची थोडी उकल झाली असं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आमच्या माडीवरच्या खोलीत हालिमा राहते. ती सुदानची, इथे कॉलेजात शिकायला आलेली. ती आली त्या दिवशी मी धास्तावले होते, हिला आपलं जेवण चालेल का, तिखट सोसेल का. ती स्वयंपाकघराच्या दारात आली, परातीतलं पीठ पाहिलं, चिमूटभर उचलून नाकाशी नेलं आणि एकदम हसली. तिच्या गावातही ज्वारीच. ते लोक पीठ आंबवून त्याची कागदासारखी पातळ पोळी करतात. अव्वांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "जोंधळा खाती म्हंजे आपल्यातलीच की." त्या दिवसापासून ती मला काकू म्हणते आणि अव्वांना अव्वा. मराठी तिने अव्वांकडूनच उचलली, त्यामुळे आफ्रिकेतून आलेली ही मुलगी 'हाय' आणि 'न्हाय' म्हणते आणि आमच्या गल्लीतल्या बायका तिला मुद्दाम बोलतं करतात.

मधल्या सुट्टीत ती गावी गेली आणि तिकडे लढाई पेटली. कित्येक महिने तिचा पत्ता नव्हता. परतली तेव्हा तीच मुलगी निम्मी होऊन आल्यासारखी दिसली. आई तिची लहानपणीच गेलेली, घरात एक वडीलच. मी आपलं सवयीने विचारलं, बाबा कसे आहेत गं? ती पाठ फिरवून माडीवर गेली. मग मी पुन्हा विचारलं नाही. इतर वेळी शेजारच्या सुनेच्या माहेरची कुंडली काढणारी मी, पण त्या जिन्याच्या खाली माझी जीभ जड व्हायची.

थंडी सुरू झाली तसं ती खाली यायचीच बंद झाली. फोनही बंद करून ठेवला. तिच्या वर्गातली एक मुलगी डबा पोचवायला यायची, तिने जिन्यातच मला सांगितलं की हालिमाचं शिक्षण संपलं, व्हिसा संपत आलाय, आणि परत गेली तर ती जगणार नाही. तिच्या जमातीची घरं तिकडे निवडून निवडून जाळली आहेत. दिल्लीत एक कचेरी आहे, ती अशा लोकांची चौकशी करून त्यांना आसरा मिळतो की नाही ते ठरवते. हालिमाने तिथे अर्ज केलाय. पहिल्या चौकशीत ती मध्येच गप्प झाली, आणि आता पुढच्या चौकशीला तयारच नाही. अनोळखी नंबर दिसू नये म्हणून तर तिने फोन बंद ठेवलाय.

आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, टॉवेल-चादरींचं दुकान आहे. स्वभावाने देवमाणूस, पण लाइटबिल एक दिवस उशिरा भरलं तरी पोलीस येतील अशी त्यांची समजूत. ते म्हणाले, "व्हिसा संपल्यावर आपण काय करायचं? तू तिला एकदा सरळ विचार." सरळ विचारणं हे आमच्या घरात नेहमी माझ्या वाट्याला येतं. मी म्हटलं, आधी देवाला विचारते.

त्या सोमवारी मी फोन घरीच चार्जिंगला लावून देवळात गेले. सिद्धेश्वरासमोर हात जोडून म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, काय करू ते सांग, आणि जरा सोप्या मराठीत सांग. मग तळ्याच्या काठाला बसून राहिले. पाण्यात मासे फिरत होते, समोर एक आजोबा लाह्या टाकत होते. कुठे पान हललं नाही, फूल पडलं नाही. बाहेर आले तर माझी चप्पल कोणीतरी घालून गेलेलं. हा संकेत असेल तर त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

अनवाणी घरी पोचले तर अव्वा दारातच. चेहरा उजळलेला. म्हणाल्या, पुढल्या सोमवारी आपल्याकडे स्वामी यायचेत, बाई हाय, जंगमाच्या घरची असंल. मी चक्रावले. हळूहळू उलगडा झाला तो असा. माझा फोन वाजला. अव्वांनी जन्मात कधी मोबाइल घेतला नव्हता, त्यांना तो हिरव्या बाजूला की लाल बाजूला सरकवतात हेही ठाऊक नाही. त्यातून उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्याने त्यांना हवं तेवढंच येतं. त्या म्हणाल्या, "वाजत हुता. बोट फिरवलं. बाई म्हनाली शरणार्थी. मग मी बी म्हनलं, शरणु शरणार्थी. सोमवारी जेवायलाच या म्हनलं."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही लिंगायत लोक भेटल्यावर नमस्कार म्हणत नाही, 'शरणु' म्हणतो. समोरचा 'शरणु शरणार्थी' म्हणून उत्तर देतो. तू शरण आलास, मीही शरण आलेलाच, असा त्याचा भाव. अव्वांच्या लेखी फोनवर जो पहिल्या वाक्यातच शरणार्थी म्हणतो तो मठाकडचाच, जंगम म्हणजे आमच्या पुरोहितांच्या घरचाच असणार. मी त्या नंबरावर उलटा फोन लावला, लागला नाही. आणि खरं सांगायचं तर घरात स्वामी येणार म्हटल्यावर मीही हुरळले. वाटलं, तळ्याकाठी मागितलेलं उत्तर पायांनी चालत येतंय.

सोमवारी अव्वांनी घर डोक्यावर घेतलं. तांब्याचं ताम्हण घासलं, विभूतीची डबी काढली, शेंगाची चटणी, कडक भाकरी, आणि शेवटी दहीभात, कारण दहीभाताशिवाय सिद्धरामाच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्याच, गावात स्वामींची पंगत उठत नाही. दारात रिक्षा थांबली आणि जीन्स घातलेली, पाठीवर लॅपटॉपची बॅग अडकवलेली एक तिशीतली मुलगी उतरली. मी काही बोलायच्या आत अव्वांनी तिला पाटावर बसवलं, पाय ताम्हणात घेतले आणि पाणी घातलं. ती बिचारी इतकी गोंधळली की तिने बॅगही काढली नाही. पाय पुसून झाल्यावर तिने हिंदीत मला हळूच विचारलं, तुमच्याकडे प्रत्येक वकिलाचे असे पाय धुतात का?

ती वकील होती. दिल्लीतल्या, आसरा मागणाऱ्या लोकांना फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या एका संस्थेत काम करत होती. निर्वासिताला हिंदीत शरणार्थी म्हणतात हे मला बातम्यांमुळे माहीत होतं, पण त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात ते दोन शब्द कधी एकमेकांना भेटलेच नव्हते. तिने फोनवर विचारलं होतं, आपके यहाँ एक शरणार्थी लड़की रहती है क्या? हालिमाने अर्जात दुसरा नंबर म्हणून माझा दिला होता, पत्ताही आमचाच. बाई पुण्याला दुसऱ्या एका कामासाठी आली होती. हालिमाचा फोन बंद, म्हणून शेवटचा प्रयत्न म्हणून तिने माझा नंबर लावला. ती म्हणाली, "हा शब्द ऐकला की घरमालक फोन ठेवतात. काही शिव्या देतात. तुमच्या घरातून मला तोच शब्द हात जोडल्यासारखा परत आला, वर जेवायला बोलावलं, एवढी मराठी कळली मला. पुण्याहून तसंच दिल्लीला परतायचं ठरलं होतं. पण मग यावंसंच वाटलं."

अव्वांना हे सगळं समजावून सांगायचा प्रयत्न आमच्या मालकांनी केला. त्या म्हणाल्या, "म्हंजे शरणार्थीच न्हवं? मग चुकलं कुटं?"

मालकांनी मग मनातले सगळे प्रश्न विचारून घेतले. वकीलबाईंनी शांतपणे सांगितलं की आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, पण दिल्लीच्या कचेरीने हिचं म्हणणं मान्य केलं तर हातात काही आधार राहतो, तिला परत पाठवू नका असं सांगायला जागा राहते. तिच्याविषयी इथल्या पोलिसांपासून काही लपवायचं नाही, उलट त्यांना कळवूनच सगळं करायचं. हे ऐकून मालकांनी पहिल्यांदा पाठ टेकली. मग मला राहवलं नाही, मी विचारलं, तुम्ही नेमकं करता काय? कोर्टात भांडता का? ती हसली. म्हणाली, बहुतेक वेळा मी फक्त ऐकते. यांच्यावर जे गुदरलं ते यांना सलग सांगता येत नाही, ते सांगता येईपर्यंत मी शेजारी बसते. मला नवल वाटलं. नुसतं ऐकण्यासाठी कोणी वकिलीचं शिकतं, आणि त्याचे पैसेही घेत नाही.

मी वर जाऊन हालिमाला घेऊन आले. जिना उतरताना तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मग दोघी हिंदी-इंग्रजीत बोलत बसल्या. गाव, शेत, जाळपोळ, पळून निघणं, इथवर हालिमा नीट सांगायची. वडील बरोबर होते, इथवर यायची आणि थांबायची. कचेरीतही ती नेमकी इथेच थांबली होती. वडील बरोबर होते आणि मग नव्हते, मधलं काहीच नाही, म्हणून चौकशी करणाऱ्याला सगळ्याचाच संशय आला. वकीलबाई म्हणाल्या, तो माणूस वाईट नाही, पण न सांगितलेलं त्याला ऐकू येत नाही. हालिमा मान खाली घालून बसली. तिच्यापाशी आता एकच चौकशी उरली होती.

अव्वांना पानं थंड होत असल्याची काळजी. त्यांनी दोघींना जेवायला बसवलं, दहीभात वाढला, आणि वाढता वाढता त्यांची नेहमीची गोष्ट सुरू केली. ही गोष्ट आमच्याकडे दहीभाताबरोबर लोणच्यासारखी येतेच. सिद्धराम लहान होता, गुरं राखायचा. रानात एक परका आला, म्हणाला मी श्रीशैलचा मल्लय्या, म्हणजे साक्षात शंकरच. पोराने त्याला हुरडा दिला. तो म्हणाला, पोटात आग पडली, दहीभात आण. पोरगं घराकडं पळालं, आईकडून दहीभात घेऊन पळतच परत आलं, तर रानात कोणी नाही. "मल्लय्या, मल्लय्या म्हनून रडत सुटलं बघ. मी जायलाच नगं हुतं म्हनालं."

हालिमाचा हात ताटातच थांबला. तिने विचारलं, "मग भेटला?"

"भेटला की. लई हिंडला, दरीच्या काठावर गेला, आता उडी टाकनार, तवा मल्लय्यानंच हात धरला."

 मग हालिमा मराठीतच म्हणाली, अव्वांच्या मराठीत, "बाबा झाडाखाली बसले हुते. चालवत न्हवतं. मी भाकरी आनायला गेले. परत आले तर बाबा न्हाईत. बूट हुते. मी जायलाच नगं हुतं, अव्वा."

 वकीलबाईंना मराठी येत नव्हती, पण त्यांनी काय झालं हे मला विचारलं नाही. नुसता डावा हात पुढे करून हालिमाचा हात धरला. अव्वा म्हणाल्या, भुकेल्याला सोडून न्हाई गेलीस, भुकेल्यासाठी गेलीस. आणि पानात आणखी भात वाढला.

चौकशी आमच्याच घरून, लॅपटॉपवरून झाली. शांत खोली हवी म्हणाले, आणि नेमकी सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा लागलेली, पाळण्यांवरच्या किंकाळ्या आणि भोंगे थेट घरात. शेवटी देवघराची दारं लावून हालिमाला आत बसवलं. वकीलबाई दिल्लीहून पडद्यावर, दुभाषा आणखी कुठून तरी. मी बाहेर भिंतीला टेकून बसले. आतून अरबी ऐकू येत होती, मला एक अक्षर कळत नव्हतं, पण कुठे ती थांबेल ते मला माहीत होतं. ती तिथे थांबली. भोंग्यात कोणीतरी हरवलेल्या माणसाचं नाव पुकारत होतं. मग तिचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि शेवटपर्यंत थांबला नाही. मी त्या वेळी देवाला काहीच मागितलं नाही, कोणत्याच भाषेत. मागायचं सुचलंच नाही. नुसती बसून राहिले. आता वाटतं, शरण जाणं म्हणतात ते बहुधा एवढंच असावं.

मी या सगळ्याला चमत्कार म्हणत नाही. फोन सगळ्यांचेच वाजतात, म्हाताऱ्या माणसांना कमी ऐकू येतं, दोन भाषांत एक शब्द सारखा असतो. एकेका गोष्टीला कारण आहे, मी सगळी शोधून ठेवली आहेत. फक्त ती सगळी त्याच सोमवारी आमच्या घरी एकत्र का जमली, याचं कारण मला सापडलेलं नाही, आणि हल्ली मी ते शोधतही नाही. देव कोणत्या भाषेत ऐकतो हे मला कळलं नाही, पण तो अव्वांच्या डाव्या कानानेही ऐकत असावा, एवढं मी धरून चालले आहे. त्याचे, अव्वांचे आणि वकीलबाईंचे उपकार मी मानते.

निकाल कळला तो उन्हाळ्यात. मी पापड वाळत घालत होते, हालिमा मदतीला. फोन आत वाजला आणि आता तो घेणं हा अव्वांचा हक्क झालेला. त्यांनी बोट फिरवलं आणि नेहमीसारखं म्हणाल्या, शरणु शरणार्थी. पलीकडून वकीलबाई हसत होत्या की रडत होत्या कळेना. मी धावत जाऊन फोन मोठ्या आवाजावर टाकला. त्या म्हणत होत्या, मान्य झालं, अव्वांना सांगा, आता हालिमा खरोखरची शरणार्थी झाली.

या शब्दावर कोणी आनंदाने रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. हालिमा पिठाच्या हातांनी दारात उभी होती आणि बाहेर रस्त्याकडे बघत होती. अनोळखी म्हातारा माणूस रस्त्याने गेला की ती अजूनही अशीच बघते, चेहरा दिसेपर्यंत. मी अव्वांच्या डाव्या कानापाशी जाऊन ओरडून सांगितलं, आपली हालिमा आता शरणार्थी झाली.

अव्वांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की इतकी वर्षं या घरात राहून ही काय शिकली. "आता झाली व्हय?" त्या म्हणाल्या. "आपन सगळी काय हाय मग?"

आणि हालिमाकडे वळून त्यांनी हात जोडले. तिनेही पिठाचे हात जोडले.