टिकलीखालचं सिमकार्ड

नेपाळ हा परदेश आहे, हे गावाला पटवून देण्यासाठी मी माझं भारतीय सिमकार्ड मोबाइलमधून काढलं.

तेल्हारा तालुक्यातल्या आमच्या गावातून परदेशात जाणारा मी पहिलाच माणूस होतो. (शेजारच्या शब्बीरभाईंचे वडील दहा वर्षांपूर्वी हजला जाऊन आले होते, पण ही गोष्ट मी त्या दिवसांत सोयीने विसरलो होतो.) जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर बायकोला, म्हणजे सुशीलाला, बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर दाखवून लुंबिनीला न्यायचं मी कबूल केलं होतं. अकोल्याहून टूरची बस निघणार होती. मी महिनाभर आधीपासून जो भेटेल त्याला सांगत सुटलो की, फॉरेनला चाललो.

"बशीनं जाऊन राहिलो न आपण?" सुशीला म्हणाली. "मंग फॉरेन कायचं?"

"देश बदलला की फॉरेन. बस असो की विमान," मी म्हणालो. मास्तरकी तीस वर्षं केली की माणसाकडे व्याख्या तयार असतात.

आता माझ्या मोबाइल नंबराबद्दल थोडं सांगणं भाग आहे. माझा नंबर पहिल्यापासून एकच. धाकटा भाऊ धनराज शेती करतो. त्याचा एक मोबाइल विहिरीत पडला, दुसरा फवारणीच्या ड्रममध्ये, आणि तिसऱ्याचं सिम तो दर दोन महिन्यांनी बदलायचा, कारण नवीन घेतलं की बोलणं फुकट. त्यामुळे घरातला कोणताही फॉर्म असो, मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात माझा नंबर. गॅसचा माझा, विजेचा माझा, धनराजच्या पोरीच्या बारावीच्या परीक्षेचा माझा. शब्बीरभाईंच्या घरचं सिलिंडर निघाल्याचा मेसेजही मलाच यायचा आणि मी तो त्यांना कुंपणावरून वाचून दाखवायचो. सकाळी उठून लोक मला नमस्कार नाही करायचे. विचारायचे, "मेसेज आला का, गुरुजी?"

खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

त्या साली कपाशी बोंडअळीने नेली. हाताशी आली ती तूर. तीही बाजारात न्यावी तर व्यापारी बघूनच तोंड वाकडं करायचा. भाव बरा होता तो सरकारी खरेदी केंद्रावर, पण तिथे आधी नाव नोंदवायचं, मग मोबाइलवर मेसेज यायचा की, अमुक तारखेला तूर घेऊन या. तारीख चुकली की नंबर गेला. आणि केंद्र लवकरच बंद होणार अशी बोलवा होती. धनराजची तूर पोत्यांत भरून मधल्या खोलीत छतापर्यंत रचलेली, टीव्ही तिच्या मागे गेलेला. बातम्या ऐकू यायच्या, दिसायच्या नाहीत. त्या तुरीवर धनराजची पोरगी प्रज्ञा अमरावतीला नर्सिंगला जाणार होती. तूर केंद्रावर गेली तर प्रज्ञा अमरावतीला, नाही गेली तर घरी. इतकं ते सरळ होतं.

नाव नोंदवायला धनराज, प्रज्ञा आणि मी गेलो होतो. खिडकीतल्या माणसाने मोबाइल नंबर विचारला.

"माहा देऊ का?" प्रज्ञा म्हणाली.

"लेकरांच्या नंबरचा काय भरवसा?" असं म्हणून मी खिडकीत डोकं घातलं आणि माझा नंबर दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल.

आणि महिन्याभराने मी फॉरेनला निघालो.

सीमा ओलांडली तशी माझ्या मोबाइलच्या सिग्नलच्या काड्या एकेक करून गेल्या. बशीतल्या सगळ्यांच्याच गेल्या, पण बाकीच्यांनी मोबाइल पिशवीत टाकला आणि शेंगदाणे काढले. मी मात्र गावाला रोज व्हिडिओ कॉल करायचं कबूल करून बसलो होतो. सीमेच्या कमानीपलीकडेच एक दुकान होतं. ओळखपत्र दाखवलं, फोटो दिला (निवृत्त मास्तराच्या पाकिटात पासपोर्ट साइझचे सहा फोटो कायम असतात), फॉर्मवर अंगठे उठवले आणि नेटच्या पॅकसकट नेपाळी सिम घेतलं.

दुकानदाराने माझा मोबाइल उघडला आणि म्हणाला, "दो ही खाने हैं, अंकल. एक में सिम, एक में मेमरी कार्ड. कोई एक निकालना पड़ेगा."

आता वाचकहो, कोणीही शहाण्या माणसाने मेमरी कार्ड काढलं असतं. पण त्या कार्डावर माझ्या निरोप समारंभाचं भाषण होतं. सत्तेचाळीस मिनिटांचं. जबलपूरपासून मी ते बशीतल्या लोकांना थोडं थोडं ऐकवत आणलं होतं आणि शेवटची अकरा मिनिटं, जिथे मी स्वतःच गहिवरलो आहे, ती बाकी होती.

"सिम निकालो," मी म्हणालो.

लुंबिनीच्या हॉटेलात पोचल्यावर मी ते नखाएवढं सिम कागदाच्या पुडीत बांधून शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो, तर सुशीलाने ते काढून घेतलं.

"पुडी म्हणून फेकून द्यान तुमी. नाई तर शर्टासंगं धुवून जाईन. हे डोयासमोर पायजे."

तिने कपाळाची मोठी मरून टिकली काढली आणि तिच्याखाली सिम धरून आरशावर पक्कं चिकटवून टाकलं. आरशावर आधीच तीन-चार टिकल्या होत्या, कोणाकोणाच्या राहून गेलेल्या. त्यांच्यात टिकलीबाहेर सोनेरी कोपरा काढलेलं आमचं सिम शोभून दिसत होतं.

संध्याकाळी कॉल लावला. उजेड बरा येतो म्हणून आरशाकडे पाठ करून बसलो, चेहरा जरा वर, भाषणाला उभं राहावं तसा. नेट असं पळत होतं की, आमच्या गावात टॉवरखाली उभं राहूनही तसं पळत नाही. पलीकडे प्रज्ञाच्या मोबाइलवर सगळं घर दिसलं. मोबाइल प्रज्ञाने धरलेला, समोर धनराज, शब्बीरभाई, आणि त्यांच्या मागे तुरीची पोती. पोत्यांवर शेजारची दोन माणसं चढून बसलेली.

"दादा," धनराज एवढंच बोलला. त्याने लुंबिनी विचारली नाही, हवा विचारली नाही. "मेसेज आला का? आपल्या मांगं नंबर होते त्यायचे आले म्हणतात."

मेसेज येणार कुठून? सिम तर डोक्यामागे आरशावर बसलेलं. पण पोत्यांवरचे लोकही बघत होते, शब्बीरभाई बघत होते. मी म्हणालो, "नाही आला अजून. आला की लगेच कळवतो. मी आहे ना!"

प्रज्ञाने फक्त मोबाइल जरा जवळ घेऊन बघितल्यासारखं केलं. मला वाटलं, नेट अडकलं.

खरं तर तेव्हाच जुनं सिम टाकून बघायला हवं होतं. टाकलंही, रात्री सगळे झोपल्यावर, चोरासारखं. एक काडी आली नाही. आमच्या सिमला तिथे पाय ठेवायलाच परवानगी नव्हती. मग पुन्हा टिकलीखाली. दुसरा दिवस मी मायादेवीच्या मंदिरात काढला. जिथे जगाला शांती सांगणारा जन्मला, तिथे उभा राहून मी तुरीच्या तारखेची काळजी करत होतो. सुशीलाने डोळे मिटून हात जोडले. मी पण मिटले, तर पुढे पोतीच दिसली. मनाला फार लागलं ते. लेकीसारखी पोर, तिची वर्षभराची आशा, आणि मी ती एका भाषणासाठी आरशावर चिकटवून ठेवलेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बस परत सीमेकडे निघाली. मी घाईत होतो. सीमेवर आपलं नेटवर्क लागेल, मेसेज दिसेल, सगळं निस्तरेल. बस थोडी पुढे आली आणि सुशीलाने कपाळाला हात लावला. मला वाटलं, डोकं दुखतं आहे.

"काहो," ती म्हणाली, "टिकली आरशावरच राह्यली."

"दुसरी लाव."

"टिकली नाई म्हणून राहिली मी. तिच्या खालचं."

मी जो उठलो तो टपाला डोकं आपटूनच. टूरवाला म्हणाला, बस परत फिरणार नाही, पण सीमेवर कागदपत्रांना दोन-तीन तास तरी लागतील, तेवढ्यात या. आम्ही दोघं रस्त्यावर उतरलो आणि एका बॅटरीच्या रिक्षाला हात केला. ती इतकी हळू चालली की, एक सायकलवाला मागून येऊन आम्हाला ओलांडून गेला आणि वळून हसला.

खोलीत गेलो तर आरसा लख्ख. एक टिकली नाही. मी पलंगावर बसकण मारली. सुशीला मात्र खाली पळाली आणि झाडलोट करणाऱ्या बाईला घेऊन आली. फूलमती तिचं नाव. तिच्या कपाळाकडे बघून सुशीला थबकली. फूलमतीने लावली होती ती मोठी मरून टिकली.

"बिंदी भी कोई फेंकता है, दीदी?" फूलमती म्हणाली आणि आम्हाला हॉटेलमागच्या आपल्या खोलीत घेऊन गेली.

भिंतीवर आरशाचा एक तुकडा होता आणि त्याच्या कडेने टिकल्याच टिकल्या. लाल, काळ्या, चंद्रकोरी, खड्यांच्या. कुठकुठल्या बाया लुंबिनीला आल्या आणि विसरून गेल्या, त्या सगळ्या तिने जपून लावलेल्या. आणि अगदी मधोमध, सोनेरी बाजू वर करून, धाग्याने बांधून लटकवलेलं माझं सिमकार्ड.

"चमक रहा था. सोचा, दीदी का कोई ताबीज होगा," ती म्हणाली.

मला हसू यावं की रडू, कळेना. सुशीलाने पिशवीतून टिकल्यांचं न फोडलेलं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. फूलमतीने त्यातली एक लगेच काढून सुशीलाच्या कपाळाला लावली. दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या, जशा एका गावच्या असाव्यात.

सीमेवर पोचलो तेव्हा बस उभीच होती. दोन कमानींच्या मधल्या गर्दीत मी मोबाइल उघडला आणि या वेळी मेमरी कार्ड काढलं. सिम आत. मोबाइल डोक्यावर धरून पुढे पुढे सरकलो. एक काडी. दोन काड्या. आणि धडाधड मेसेज सुरू झाले. शब्बीरभाईंचं सिलिंडर निघालं. वीजबिल आलं. बारावीच्या निकालाची वेबसाइट. आणि मग तो. आपली तूर घेऊन या. खाली तारीख.

आजची. आणि घड्याळात अकरा वाजलेले.

मी धनराजला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला तर मागे ट्रॅक्टरचा आवाज, माणसांचा गलका.

"धन्या," मी म्हणालो. "मेसेज आला रे. आजचीच तारीख आहे. माझ्यामुळे..."

"आमी केंद्राच्या काट्यावरच हाओत, दादा," धनराज म्हणाला. "निम्मी पोती मोजून झाली. प्रज्ञासंगं बोल."

"मोठे बाबा, टेंशन घेऊ नका," प्रज्ञा म्हणाली. "परवा तुमी कॉल केला न, तवा तुमच्या डोक्याच्या मांगं आरशात मोठ्या आईची टिकली दिसली. टिकलीखाली सिम चमकून राह्यलं होतं. म्या म्हटलं, सिम आरशावर हाये, मंग मेसेज कोनाले येईन, आरशाले? काल सकायीच केंद्रावर गेली. त्यायनं कॉम्प्युटरवर पाहून तारीख सांगतली. नंबर बी बदलून घेतला."

"मग मला काल का नाही सांगितलंस?"

"तुमी सगळ्यायसमोर म्हटलं न, मी आहे ना म्हणून. तुमाले वाईट वाटलं असतं."

मी तिथेच एका दगडावर बसलो आणि सुशीलाच्या देखत रडलो. आनंदाने रडलो, असं मी बशीत सांगितलं, आणि ते बरंचसं खरं होतं. मेमरी कार्ड मात्र हातात नव्हतं. दोन देशांच्या मधल्या धुळीत ते कुठेतरी पडलं. आमच्या बशीतल्या दहा-बारा जणांनी शोधल्यासारखं केलं. ते नक्की हरवलं आहे याची खात्री झाल्यावर मागच्या सीटवरून कोणीतरी टाळी वाजवली, आणि सुशीलाने शेंगदाणे काढले.

प्रज्ञा आज अमरावतीला नर्स आहे. गॅस, वीज, पीकविमा, सगळ्या फॉर्मवर आता तिचा नंबर आहे, शब्बीरभाईंच्या सिलिंडरसकट. माझ्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो, म्हणजे मी जिवंत असल्याचा मेसेजही तिलाच जातो. दोन दिवस वाट बघून शेवटी मीच फोन करतो.

"बाई, मेसेज आला का?"

"आला, मोठे बाबा," ती म्हणते. "हाये तुमी."