अर्धा इंच

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, तरी टेलर मास्तर उंबऱ्याबाहेर पडायचं नाव घेत नव्हते. घरात ते काठीशिवाय फिरत, सांगितलेले व्यायाम न चुकता करत. पण कुणी दुकानाचा विषय काढला, की पाय नेमका तेव्हाच ठणकायला लागे.

एका सकाळी बायकोने इस्त्रीची पँट पुढे केली. "नुसती घालून तर बघा."

मास्तर आरशासमोर उभे राहिले आणि खेकसले, "डावी बाजू आखूड आहे! कुठल्या गाढवाने शिवली ही?"

"तुम्हीच."

मास्तर वरमले. गुडघा झिजून पाय बाहेर वाकत गेला, तसे दहा वर्षं ते आपल्या पँटची डावी बाजू गुपचूप अर्धा इंच आखूड शिवत होते. एकाही गिऱ्हाइकाला पत्ता लागला नव्हता. इस्त्री करणाऱ्या बायकोला पहिल्याच पँटला कळलं होतं. ती बोलली नव्हती, इतकंच.

ती टेप घेऊन आली. जन्मभर लोकांना "ताठ उभे राहा" म्हणणारा माणूस स्वतः मुकाट्याने ताठ उभा राहिला. तिने आधी उजवा पाय मोजला, मग डावा.

"दोन्ही अडतीस."

"नीट बघ."

तिने पुन्हा टेप लावली. "अडतीसच."

"माझ्या सगळ्या पँटी पिशवीत भर," मास्तर म्हणाले, "आणि चपला काढ. दुकानात जाऊन उसवायला बसतो."