पोर्टपुढची रिकामी जागा

कुरिअरवाला पार्सल दारात ठेवून गेला. प्रल्हाददादांनी ते आत आणून देव्हाऱ्यापुढे ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि मगच कात्रीने चिकटपट्टी कापली. आत तळहाताएवढा निळा सर्किट बोर्ड होता, मातीतला ओलावा मोजणारा एक सेन्सर होता आणि सीलबंद पाकिटात एक यूएसबी केबल.

"केबल नको फोडायला," ते श्यामलाताईंना म्हणाले. "कंपनीची वस्तू आहे. जशीच्या तशी परत करू."

त्या घरात हे नवं नव्हतं. टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत होता. गाडीच्या मागच्या सीटवरचं शोरूमचं कव्हर निघालं नव्हतं. पॉइंट कुक या उपनगरातल्या त्या घरात मी वरची खोली भाड्याने घेऊन राहत होते, आणि मला चहा मिळायचा तोही कान उडालेल्या कपातून. चांगले कप कपाटात होते, पाहुण्यांसाठी. लॉकडाउनमुळे पाहुणे कुणाकडेच येत नव्हते.

भोसरीत मीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रल्हाददादा टेस्टिंगचे इंचार्ज होते. श्यामलाताईंना पॅथॉलॉजी लॅबमधल्या कामावर या देशाचा व्हिसा मिळाला, म्हणून ते आले. त्यानंतर जिथे जिथे अर्ज केला तिथून एकच उत्तर यायचं: लोकल एक्स्पिरियन्स नाही. ते जवळच्या लॅव्हर्टनच्या एका वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवू लागले. "तात्पुरतं," असं म्हणायचे. पुढेपुढे तो शब्द त्यांनी सोडून दिला, आणि बायकोनेही त्याची आठवण करून दिली नाही.

आणि आता, दोन हजार एकवीसच्या त्या लांबलेल्या हिवाळ्यात, शेतीच्या पाण्याची यंत्रं बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीने हा संच पाठवला होता. बोर्ड लॅपटॉपला जोडायचा, ओलावा मोजणारा प्रोग्रॅम त्यात चढवायचा आणि शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर चालवून दाखवायचा. चालला तर नोकरी, इंजिनिअर म्हणून. श्यामलाताईंनी हे कुणालाही सांगितलं नाही. दृष्ट लागेल म्हणून नव्हे. नंतर उत्तर द्यावं लागतं म्हणून.

घरातल्या सगळ्या फोनना नव्या घाटाची केबल लागायची. बोर्डाच्या जुन्या घाटाच्या तोंडात बसेल अशी एकच मिळाली, सायकलच्या दिव्याबरोबर आलेली. दादांनी ती जोडली. बोर्डावरचा हिरवा दिवा लागला.

"लागला बघ," ते म्हणाले. इतका हलका झालेला आवाज मी त्यांच्या तोंडून आधी ऐकला नव्हता.

पण लॅपटॉपला काही समजलंच नव्हतं. काही जोडलं की तो एक छोटासा आवाज करतो, तो झाला नाही. प्रोग्रॅमच्या खिडकीत 'पोर्ट' या शब्दापुढची जागा रिकामी राहिली.

त्या आठवड्यात ते शिफ्टवरून यायचे, हात धुवायचे आणि जेवणाच्या टेबलाशी बसायचे. ड्रायव्हर टाकायचे, काढायचे, पुन्हा टाकायचे. केबल लॅपटॉपच्या या भोकातून त्या भोकात. माझा लॅपटॉप मागितला, तोही गप्प. शेवटी त्यांनी आपल्या लॅपटॉपवरचं सगळं पुसून विंडोज नव्याने घातलं. जोडलं की हिरवा दिवा लागायचा, आणि पोर्टपुढे काही यायचं नाही. दुकानं बंद होती. पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती. शिवाय दुकानात जाऊन काय मागायचं, तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

गुरुवारी त्यांनी कॉलेजातल्या मित्राला, अजितला फोन लावला. अजित कॅनबरात गुंगालिनला राहतो, सरकारी खात्यात कंत्राटावर आयटीचं काम करतो. फोन स्पीकरवर होता.

"काय पल्या, फोर्कलिफ्टला यूएसबी लावतोयस का?"

"बोर्ड दिसत नाहीये रे. सगळं करून बघितलं."

"केबल बदललीस?"

"केबल बरी आहे. दिवा लागतोय ना."

"दिवा लागतो म्हणजे करंट जातोय, बाबा. डेटा जातोय का?"

"अज्या, चौदा पिनांच्या केबली हाताने सोल्डर केल्यात मी. तार बरी का वाईट, ते तू मला शिकवू नकोस."

"बरं साहेब," अजित हसला. "मग बोर्डच खराब असेल. मागव दुसरा."

दादांनी ते मान्य केलं. बोर्ड खराब असणं त्यांना सोपं वाटलं असावं. श्यामलाताई कणीक मळत होत्या. "ती पाकिटातली एकदा लावून तर बघा," त्या म्हणाल्या.

"तीच परत करायचीय ना त्यांना? फोडलेलं पाकीट परत करायचं?"

त्या पुन्हा कणीक मळू लागल्या.

शुक्रवारी दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पडद्यावर कंपनीची एक तरुण इंजिनिअर होती, मागे तिचं स्वयंपाकघर. बोर्ड सदोष असावा, असं दादांनी जपून तयार केलेल्या इंग्रजीत सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "बॉक्समधलीच केबल वापरताय ना?"

 दादांनी पाकीट उचललं आणि कॅमेऱ्यासमोर फोडलं. मी जिना उतरत होते, तिथेच थांबले. केबल आत गेली आणि लॅपटॉपने तो छोटासा आवाज केला. पोर्टपुढे तीन अक्षरं आणि एक आकडा आला.

सायकलच्या दिव्याच्या त्या केबलमध्ये फक्त वीज नेणाऱ्या दोन तारा होत्या. निरोप नेणाऱ्या दोन तारा नव्हत्याच.

"नो वरीज, मेट, असं होतं," ती म्हणाली, आणि खरंच मनापासून म्हणाली. दादांनी प्रोग्रॅम चढवला. तो त्यांनी अंदाजानेच लिहिला होता, बोर्डावर एकदाही चालवून न बघता. सेन्सर तुळशीच्या कुंडीतल्या ओल्या मातीत खोचला, तर पडद्यावर आलं: कोरडी. पुसून बाहेर धरला, तर: ओली. चूक कुठे आहे ते त्यांना तत्काळ कळलं. एकच ओळ उलटी करायची होती. त्यांची बोटं कीबोर्डवर गेलीही, पण ती म्हणाली, पुढचा उमेदवार वाट बघतोय, आम्ही कळवू.

कॉल संपला. दादांनी ती ओळ तरीही उलटी केली. सेन्सर पुन्हा कुंडीत खोचला. पडद्यावर आलं: ओली. त्यांनी सेन्सर पुसून ठेवला. कुणालाही हाक मारली नाही.

सोमवारी नकाराचा ईमेल आला. खाली एक ओळ होती: संच परत पाठवण्याची गरज नाही, तुमच्याकडेच ठेवा. श्यामलाताईंनी तो वाचला आणि लॅपटॉप मिटून ठेवला.

त्या आठवड्याच्या शेवटी अजितचा फोन आला. "काय झालं रे त्या जॉबचं?"

"त्यांनी पोस्टच रद्द केली," दादा म्हणाले. "कोविडमुळे."

"साले. बरं, ऐक, आमच्या इथे एक ओपनिंग आहे, मीटरिंगमध्येच. एकदम तुझ्या लाइनचं. आज सीव्ही टाक, मी पुढे सरकवतो."

श्यामलाताईंनी पोळी तव्यावरून काढली आणि तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.

"टाकतो," दादा म्हणाले. "आज आर्वोला शिफ्ट आहे, दुपारची. आल्यावर टाकतो."

फोन ठेवून ते जेवायला बसले. श्यामलाताईंनी लॅपटॉप आणून ताटाशेजारी ठेवला. दादांनी तो एका हाताने बाजूला सरकवला, चिडून नव्हे, जागा व्हावी म्हणून.

"जेवून घेऊ दे गं," ते म्हणाले. "आणि तो अज्या परत विचारेल. सीव्ही पाठवला म्हणून सांग त्याला."